खिशातल्या रिव्हॉल्व्हरला लेझर ग्रिप: कुठली घेऊ, की घेऊच नको?

धूसरमाशी
मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनची ६४२ आहे. पाच गोळ्यांची, हॅमर आत झाकलेला, ॲल्युमिनियमची फ्रेम, बॅरल दोन इंचाला जरा कमी, रिकामी असताना वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. रीतसर लायसन आहे, रोज पुढच्या खिशात होल्स्टरमधे असते. अडचण पिस्तुलाची नाही, अडचण माझ्या डोळ्यांची आहे. साठी ओलांडली, प्रोग्रेसिव्ह काचेचा चष्मा आहे, मान मागे टाकून काचेच्या खालच्या भागातनं बघितलं की पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) लख्ख दिसते पण टार्गेट म्हणजे नुसतं धुकं, आणि मान सरळ ठेवली तर टार्गेट स्पष्ट आणि माशीच्या जागी एक राखाडी डाग. मागची साईट तर साईट म्हणण्याच्या लायकीचीच नाही, फ्रेमवर कोरलेली नुसती एक चर आहे. गेल्या वेळी रेंजवर सात यार्डांवर पाचपैकी दोन कागदाच्या कडेला गेल्या आणि शेजारच्या लेनमधल्या पोराने सहानुभूतीने बघितलं, ते जरा जास्तच लागलं.

तर लेझर ग्रिप, म्हणजे आत लेझर असलेली मूठ, बसवावी असं मनात आहे. वाचून वाचून डोकं फिरलंय, लाल की हिरवा, छोटी की लांब, रबरी की कडक, आणि मुळात हे सगळं कामाचं आहे का नुसता खेळ आहे. तुमच्यापैकी कुणी वर्ष-दोन वर्षं वापरून बघितलीय का, नुसतं दुकानात हातात धरून नव्हे, असं कुणी सांगितलं तर बरं होईल.

लोखंडीसाईट
काका, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. लेझर ही कुबडी आहे. बॅटरी संपते, उन्हात दिसत नाही, आणि ठिपका शोधण्यात माणूस मूळ काम विसरतो. त्या पैशाच्या गोळ्या घ्या आणि सराव करा.

धूसरमाशी
राग कशाला, पण सरावाने डोळ्याची काच परत मऊ होत नाही हो.

गोलमूठ
धागाकर्ते, मी याच फ्रेमवर आठ वर्षं लेझर ग्रिप वापरतोय, मधे तीन बदलल्या, त्यामुळे पैसे घालवून शिकलेलं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही लेझर विकत घेत नाही आहात, तुम्ही मूठ विकत घेताय आणि त्या मुठीत लेझर आहे. लोक उलटं करतात, आधी ठिपक्याचा रंग ठरवतात, किती तेजस्वी ते बघतात, आणि मग घरी येऊन कळतं की मूठ हातालाच बसत नाही. ती ग्रिप तुम्ही दिवसभर खिशात बाळगणार आणि प्रत्येक गोळीला तळहातावर झेलणार, लेझर मात्र क्वचित लागणार.

दुसरं, जे-फ्रेमच्या (तुमच्या ६४२ सारख्या स्मिथच्या छोट्या फ्रेमच्या) लेझर ग्रिप ढोबळमानाने तीन जातीच्या. एक, छोटी कडक पॉलिमरची, जिच्यात फ्रेमची पाठ म्हणजे बॅकस्ट्रॅप उघडी राहते, दोनच बोटं बसतात, करंगळी खाली लोंबकळते. दुसरी, तेवढीच छोटी पण रबर पाठीवरनं फिरवलेलं, त्यामुळे धक्का मऊ लागतो. तिसरी, लांब, तिन्ही बोटांची, पाठ झाकलेली. तिसरीने नेम सगळ्यात चांगला लागतो यात वादच नाही, पण ती खिशातनं ओरडून सांगते मी इथे आहे म्हणून.

आता यातली खाच अशी की पाठ झाकली की तळहात आणि ट्रिगरमधलं अंतर वाढतं. जाडी पाच-सहा मिलिमीटर वाटते, पण आखूड बोटांच्या माणसाला तेवढ्यात फरक पडतो, पहिल्या पेराऐवजी बोटाचं टोकच ट्रिगरवर येतं, आणि या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर पाच किलोच्या वरचा, तो टोकाने ओढायला गेलं की सगळं पिस्तूल वाकडं होतं. तेव्हा रिकामी करून, दोनदा तपासून, सध्याच्या ग्रिपवर धरा आणि सांगा की बोट ट्रिगरवर कुठे येतंय.

आणि हो, तुमची राऊंड बट आहे, म्हणजे फ्रेमचं मुठीतलं टोक गोलसर, ती नीट बघूनच ऑर्डर करा. जुन्या स्क्वेअर बटच्या जे-फ्रेमची ग्रिप तिला बसत नाही, त्याहून मोठ्या के-फ्रेमची बसत नाही, आणि रूगरच्या एलसीआरची तर सगळी रचनाच वेगळी, तिथे खुंटीवर अख्खी मूठ चढवायची असते. सेकंडहँड घेताना लोक इथेच फसतात.

धूसरमाशी
आत्ता बघितलं. सध्याच्या कंपनीच्या छोट्या रबरी ग्रिपवर बोट पहिल्या पेराच्या रेघेच्या जरा अलीकडेच येतंय. म्हणजे माझी बोटं आखूडच.

खिसेकापू
(नाव जुनं आहे, अर्थ काढू नका, मी फक्त खिशातल्या होल्स्टरांचा नाद लागलेला माणूस आहे.)

गोलमूठ यांना अनुमोदन, फक्त एक भर. रबर खिशात घातलंत की ते अस्तराला धरून बसतं. उभ्याने बाहेर काढताना एवढं जाणवत नाही, खुर्चीत बसल्यावर काढून बघा, होल्स्टरसकट खिसा उलटा होऊन बाहेर येतो. कडक पॉलिमर सुळ्ळकन निघतं. म्हणून कमरेला लावणाऱ्याचं उत्तर वेगळं आणि खिशात ठेवणाऱ्याचं वेगळं, आणि हे विचारल्याशिवाय लोक सल्ले देत सुटतात.

लेझर ग्रिपचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हा की नळीखाली काही लटकत नाही, त्यामुळे बहुतेक जुनी होल्स्टरं तशीच चालतात. फक्त ज्या होल्स्टरची उजवी बाजू वर चढलेली असते तिची कड त्या लेझरच्या डोळ्यावर घासते का ते बघा. माझ्या एका चामड्याच्या होल्स्टरची कड अशी होती, सहा महिन्यांत भिंगावर मेणासारखा थर.

आणि खिशातला कचरा! भिंगाच्या खोबणीत कापसाची लव अशी गच्च बसते की ठिपक्याऐवजी भिंतीवर फाटक्या कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. पहिल्यांदा मला वाटलं लेझर मेला. कानकोरण्याचा कापूस, थोडं अल्कोहोल, हलक्या हाताने, झालं. आठवड्याला एकदा.

सोल्डरगन
रंगाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो, कारण यावर दुकानात फार थापा मारतात.

बंदुकीवरच्या असल्या लेझरला साधारण ५ मिलिवॅटची मर्यादा असते, लाल असो की हिरवा. म्हणजे हिरवा जास्त ताकदीचा असतो हे खोटं. फरक आपल्या डोळ्यात आहे. उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात तिखट असतो, म्हणजे पोपटी हिरव्यात. लाल लेझर असतात ६३५ ते ६५० च्या पट्ट्यात, हिरवे ५२० किंवा ५३२. तेवढ्याच ताकदीचा ५२० चा हिरवा ठिपका ६५० च्या लालपेक्षा सहापटीहून जास्त उजळ भासतो. आणि गंमत बघा, लालातल्या लालात सुद्धा ६३५ वाला ६५० च्या जवळपास दुप्पट उजळ दिसतो. तेव्हा लालच घ्यायचा असेल तर पाकिटावर हा आकडा शोधा, नुसतं लाल म्हणून घेऊ नका. ज्यांना जन्मतः लाल रंग फिका दिसतो त्यांनी तर लालच्या वाटेलाच जाऊ नये, ६५० चा ठिपका त्यांना जवळजवळ दिसतच नाही.

मग सगळ्यांनी हिरवाच का घेऊ नये? एक, हिरवा बॅटरी जास्त खातो. दोन, जुन्या पद्धतीचे हिरवे लेझर खरे हिरवे नसतातच, आत ८०८ चा अदृश्य डायोड असतो, तो एका स्फटिकातनं १०६४ चा प्रकाश काढतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी अर्धी करून ५३२ चा हिरवा देतो. एवढी कसरत थंडीत बिघडते, कडाक्याच्या गारठ्यात ठिपका मंद होतो नाहीतर उशिरा पेटतो. आता थेट हिरवा देणारे ५२० च्या आसपासचे डायोड आलेत, त्यांना हा त्रास नाही. त्यामुळे हिरवा घेताना ५३२ लिहिलंय की ५२० ते बघा.

काका, तुम्ही बाहेर उन्हात जास्त असता की आत? भर उन्हात लाल ठिपका काही पावलांपुढे मला तरी सापडत नाही. घरात, जिन्यात, संध्याकाळी, दोन्ही सारखेच उपयोगी, उलट काळोखात हिरव्याचा उजेड जरा जास्तच होतो.

धूसरमाशी
सोल्डरगन, फारच छान समजावलंत. मी बहुतेक आतच, आणि अंधार पडल्यावर बाहेर. म्हणजे लाल चालेल असं दिसतंय.

डावरी
मी डावखुरी आहे, आणि हा प्रश्न मी विचारला तेव्हा कुणाला उत्तर माहीत नव्हतं म्हणून इथे लिहून ठेवते, पुढे कुणाच्या तरी कामी येईल.

जवळजवळ सगळ्या ग्रिपांवर लेझर उजव्या पट्टीच्या वरच्या टोकाला असतो. उजव्या हाताच्या माणसाने शिस्तीत बोट ट्रिगरच्या बाहेर, फ्रेमवर सरळ ठेवलं की ते बोटच किरणासमोर येतं आणि ठिपका गायब. बोट आत गेलं की ठिपका परत. काहींना हे आवडतं, काहींचा जीव जातो. आम्हा डावऱ्यांचं बोट पलीकडच्या बाजूला, त्यामुळे तो त्रास नाही, पण आमचा अंगठा उजवीकडे येतो आणि पुढे सरळ ठेवायची सवय असेल तर तोच आड येतो. मला अंगठा खाली वळवून मधल्या बोटावर टेकवायची सवय लावून घ्यावी लागली, दोन महिने गेले त्यात.

दुसरं बटणाबद्दल. बटण समोर, मधल्या बोटाखाली असतं, मूठ आवळली की पेटतो. ऐकायला छान. पण माझ्या पहिल्या ग्रिपचं बटण इतकं कडक होतं की ते दाबून ठेवायला मी मूठ नको तेवढी आवळायची आणि ठिपका थरथरायचा. दुसरीचं बटण पसरट आणि मऊ, त्यावर बोट नुसतं टेकलं तरी पुरतं. ज्यांची बोटं सकाळी आखडतात त्यांनी हे आधी बघावं, रंगबिंग नंतर.

गोलमूठ
डावरीताई, बटणाचा मुद्दा लाखमोलाचा. मी विसरलोच होतो.

नवखा७
मला एक कळत नाही, लेझर नळीच्या बाजूला आहे आणि गोळी नळीतनं जाते, मग ठिपका आणि भोक एकाच जागी कसं येईल? येडपट प्रश्न असेल तर माफ करा.

सोल्डरगन
येडपट नाही, हा विचारला नाही तोच माणूस पुढे लेझरला शिव्या घालतो.

समजा लेझर नळीच्या २ सेंटिमीटर उजवीकडे आहे. थोडा खालीही असतो, पण समजायला फक्त उजवीकडचं घेऊ. तुम्ही तो १५ मीटरवर झिरो केलात, म्हणजे किरण आणि गोळीची वाट तिथे एकमेकींना छेदतात. आता ३ मीटरवर ठिपका अजून गोळीच्या १.६ सेंटिमीटर उजवीकडे असणार, साडेसात मीटरवर १ सेंटिमीटर, १५ वर शून्य, आणि ३० वर २ सेंटिमीटर डावीकडे. म्हणजे कुठेही फरक बोटाच्या जाडीएवढाच. याउलट कुणी हौसेने ५ मीटरवर झिरो केला तर १५ मीटरवर ठिपका ४ सेंटिमीटर पलीकडे. म्हणून जवळचा झिरो करू नये. कारखान्यातनं बऱ्याचदा ५० फुटांवर, म्हणजे १५ मीटरवरच लावून येतो, तो उगीच छेडू नका, आधी मारून बघा.

लोखंडीसाईट
हे गणित मान्य. पण बॅटरीचं काय? ऐन वेळेला मेली तर?

खिसेकापू
तर लोखंडी साईट आहेतच की, त्या कुणी घासून काढल्यात का.

गोलमूठ
बॅटरीचं सांगतो. जे-फ्रेमच्या बऱ्याच ग्रिपांत दोन सीआर२०३२ लागतात, त्याच त्या वीस मिलिमीटरच्या नाण्यासारख्या. लाल लेझर सतत चालू ठेवला तर काही तास, पण सतत कोण ठेवतो, क्षणभर पेटतो आणि विझतो. मी वर्षातनं एकदा, वाढदिवसाच्या दिवशी बदलतो, उरलेल्या वजनकाट्यात घालतो. बुडाशी किंवा बाजूला मुख्य स्विच आहे का बघा, सरावात लेझर बंद ठेवायचा असतो तेव्हा लागतो.

पण खरी मेख वेगळीच आहे. काही मॉडेलमधे बॅटरी बदलायला ग्रिप उघडावी लागते. आणि लेझर नळीवर नाही, ग्रिपमधे आहे. ग्रिप उघडली, परत आवळली, म्हणजे नेम जिथे होता तिथेच आहे याची खात्री गेली. प्रत्येक वेळी रेंजवर पाच गोळ्या मारून बघाव्या लागतात.

खिसेकापू
यावरनं माझी रामकहाणी सांगतो. एका कंपनीची स्वस्तातली ग्रिप घेतली होती, नाव घेत नाही. दर खेपेला रेंजवर गेलो की ठिपका डावीकडे सरकलेला. मी ती सुईसारखी ॲलन की घेऊन अर्धा तास झिरो करायचो, घरी यायचो, पुढच्या वेळी परत तेच. मला वाटलं आतला लेझर हलतोय. शेवटी एका म्हाताऱ्या माणसाने ग्रिप काढायला लावली आणि फ्रेमच्या खालच्या टोकाची आडवी पिन दाखवली. ग्रिपमधलं त्या पिनचं भोक अंमळ मोठं होतं. आख्खी मूठच केसभर डोलत होती, हाताला कळत नव्हतं पण सात यार्डांवर तोच केस चार बोटांचा होत होता. ग्रिप हलली की नेम हलला, इतकं साधं. तेव्हापासून नवीन ग्रिप बसवली की आधी दोन्ही हातांनी पिळून बघतो, जरा जरी कुरकुर झाली तर परत पाठवतो. स्क्रू आवळून ती जात नाही, फार आवळलं तर पट्टीला चीर जाते फक्त. स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा, स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. बायको विचारते हा रंग कुणाचा.

नवखा७
😂 मग काय सांगितलंत?

खिसेकापू
स्मिथ अँड वेसनचा म्हणालो.

सोल्डरगन
बॅटरीची अजून एक बारकी गोष्ट. हल्ली लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सीआर२०३२ वर कडू लेप असतो. काही उपकरणांत त्या लेपामुळे संपर्कच नीट होत नाही, नवीकोरी बॅटरी घालून सुद्धा दिवा मंद नाहीतर बंद. एकतर बिनलेपाची घ्या नाहीतर अल्कोहोलने जरा पुसून घ्या. आणि जुन्या बॅटऱ्या टेबलावर ठेवू नका, तो लेप ज्यासाठी आहे तो धोका खरा आहे.

आणि ५ मिलिवॅट म्हणजे खेळणं नव्हे. डोळ्यात सरळ गेला तर इजा होऊ शकते, आरशावरनं, काचेवरनं परत येतो. मांजराला खेळवायला तर बिलकुल नाही, कारण मांजराला खेळवणारी ती वस्तू लेझर पॉइंटर नाहीये.

लोखंडीसाईट
मी अजूनही म्हणतो की नवशिक्याने लेझरवर शिकू नये. मागच्या महिन्यात एकाला बघितलं, हात लांब करून भिंतभर ठिपका शोधत फिरतोय, चार सेकंद. चार सेकंदात साईटवर दोन गोळ्या झाल्या असत्या.

गोलमूठ
यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. पण तो दोष शिकवण्याचा. पिस्तूल नेहमीसारखंच डोळ्यासमोर आणायचं, माशी जिथे येते तिथेच ठिपका दिसतो, शोधावा लागत नाही. शोधावा लागला म्हणजे तुमचा हात चुकीच्या जागी गेलाय. ठिपका तुमचं गाऱ्हाणं सांगतो फक्त.

आणि लेझरचा मला झालेला खरा उपयोग स्वसंरक्षणाचा नाहीच, देव करो आणि ती वेळ न येवो. उपयोग ड्राय फायरचा, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढायच्या सरावाचा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, सिलिंडर उघडून बोट फिरवून पाचही भोकं रिकामी बघायची, स्नॅप कॅप (सरावाच्या खोट्या गोळ्या) घालायच्या, गोळी अडवेल अशी भिंत निवडायची आणि पाच पावलांवर विजेच्या बटणावरच्या स्क्रूवर ठिपका ठेवून ट्रिगर ओढायचा. साईटवर आपल्याला वाटतं हात दगडासारखा आहे. ठिपका मात्र नागडं सत्य दाखवतो. माझा काय व्हायचा सांगतो, ट्रिगर अर्ध्यापर्यंत येईतो ठिपका स्क्रूभोवती मुंगीसारखा फिरायचा, आणि सुटायच्या ऐन क्षणी खाली-डावीकडे टपकन उडी. करंगळी आणि अनामिका बोटाबरोबर आवळली जात होती, गाईचं दूध काढतात तशी. वीस वर्षं मारत होतो, कुणी सांगितलं नव्हतं. आता रोज पंधरा वेळा, जास्त नाही, थकल्यावर वाईट सवय लागते.

लोखंडीसाईट
हे पटलं. कुबडी म्हणालो ते अर्धं मागे घेतो. अर्धंच.

डावरी
धागाकर्त्यांनी एक गोष्ट तपासावी, डावी पट्टी किती जाड आहे. लेझर उजवीकडे असला तरी काहींची डावी पट्टी वर फुगीर असते आणि स्पीडलोडर (पाचही गोळ्या एकदम भरायचं गोल साधन) सिलिंडरला लावताना तिला अडतो. मी स्पीडस्ट्रिप (गोळ्या ओळीने धरणारी पट्टी) वापरते म्हणून मला फरक पडत नाही, पण लोडरवाल्यांनी लोडर घेऊन जाऊनच बघावं.

धूसरमाशी
मंडळी, तीन आठवडे गायब होतो, उत्तर देतो.

एका ओळखीच्या माणसाकडे तिन्ही जातीच्या ग्रिप निघाल्या, देव त्याचं भलं करो. रेंजवर एक सकाळ घालवली, प्रत्येकीवर पंचवीस गोळ्या. लांब ग्रिपवर सात यार्डांवरच्या पाचही तळहाताएवढ्या जागेत गेल्या, मी स्वतःच दोनदा मोजल्या. मग तीच खिशात घालून आरशासमोर उभा राहिलो आणि हसू आलं, खिशात नळाची चावी ठेवल्यासारखं दिसत होतं. पाठ झाकलेल्या छोट्या रबरी ग्रिपवर धक्का अगदी मऊ, पण गोलमूठ म्हणाले तेच झालं, बोटाचं टोकच पोचलं, ठिपका प्रत्येक वेळी एका बाजूला ढकलला जात होता आणि गोळ्याही तिकडेच. शेवटी उघड्या पाठीची कडक छोटी लावली. बोट बरोबर पेरावर. गोळ्या लांब ग्रिपइतक्या जवळ नाहीत, पण सगळ्या पशाएवढ्या जागेत, आणि बसल्या जागेवरनं काढायला सोपी.

फक्त मार खाल्ला. प्लस-पी (जास्त दाबाच्या) गोळ्यांच्या दुसऱ्या पाचानंतर अंगठ्याच्या मुळाशी फ्रेमचं पोलाद, म्हणजे खरं तर ॲल्युमिनियम, अस्सं लागलं की तिथे लाल चौकोन उमटला. मग त्याच माणसाने १४८ ग्रेनच्या चपट्या नाकाच्या वॉडकटर दिल्या, सौम्य, कागदाला पंच केल्यासारखं गोल भोक पाडणाऱ्या. त्यावर पन्नास मारल्या तरी हात शाबूत. तेव्हा सरावाला आता वॉडकटरच, आणि बाळगायलाही काय ठेवायचं याचा विचार चालू आहे, ज्या गोळीला हात घाबरतो ती ठिकाणावर जात नाही.

तर ग्रिप घेतली, कडक, छोटी, लाल ६३५ ची, बटण मऊ. पिळून बघितली, कुरकुर नाही. नेलपॉलिशची रेघ ओढली, माझ्याकडे मोरपंखी निघालं. कारखान्याचा झिरो १५ मीटरवर हात टेकवून बघितला, चार बोटं वर होता, ॲलन किल्लीचा अर्धा फेराही पुरा व्हायच्या आत खाली आला, ती किल्ली मात्र दोनदा जमिनीवर पडून शोधावी लागली. डोळ्यांचं म्हणाल तर आता मी टार्गेटकडेच बघतो, चष्म्याच्या वरच्या भागातनं, मान सरळ, आणि ठिपका टार्गेटवरच असतो त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट. हे असं होणार हे कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मला कळलं नव्हतं कोण जाणे.

ड्राय फायरमधे ठिपका अजून उडतोय. पंधरातला एखादा जागचा हलत नाही.

गोलमूठ
पंधरात एक म्हणजे तीन आठवड्यांत फार चांगलं. मला दोन महिने लागले होते. उडी कुठे मारतोय, खाली-डावीकडेच ना?

धूसरमाशी
नाही हो, सरळ खाली.

गोलमूठ
मग करंगळी नाही, तुम्ही आवाजाची वाट बघताय, मनगट आधीच खाली वाकतंय. स्नॅप कॅपबरोबर एकदोन खऱ्या वॉडकटर मिसळा, रेंजवर, कुणाला तरी भरायला लावा, तुम्ही बघू नका. टिक् वाजल्यावर पिस्तुलाने मान टाकली तर समजा तेच.

डावरी
काका, कंपनीची जुनी रबरी ग्रिप पडून असेल तर मला हवी आहे, माझ्या दुसऱ्या जे-फ्रेमची फाटलीय. राऊंड बटच आहे, बघितलंय.

धूसरमाशी
ताई, व्यनि करतो. स्क्रू पण त्यातच आहे, फक्त डोकं जरा झिजलंय, नवा घ्यावा लागेल.